सोसायटीचा सचिव आणि बँकेचा कारकून : वऱ्हाडातील दोन नोकऱ्यांची हकीकत



अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कोणत्याही मोहल्ल्यात जा. बी. कॉम. झालेल्या मुलाचे किंवा मुलीचे पुढे काय करावे, असा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते : बँकेत लागले तर नशीब उघडले. बँकेची परीक्षा हुकली आणि गावातल्या एखाद्या पतसंस्थेत जागा मिळाली, तर घरची मंडळी म्हणतात, "तूर्त तिथे बसू द्या, पुढचे पुढे पाहू." दोन्ही ठिकाणी रोजकीर्द लिहावी लागते, दोन्ही ठिकाणी संध्याकाळी रोकड जुळवावी लागते, दोन्ही ठिकाणी कर्जदाराच्या दारी जावे लागते. असे असता एका नोकरीला सारा समाज सलाम करतो आणि दुसरीला तात्पुरती समजतो, हे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आहे. ते आपणांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सहकारी पतपेढीची कल्पना मूळची जर्मनीतली. तेथे फ्रीडरिख राइफायझन नावाचे एक नगराध्यक्ष होते. दुष्काळात व कर्जात पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी १८६४ साली हेडेसडॉर्फ येथे पतसंस्था काढली. एका गावापुरती संस्था, सभासद एकमेकांना ओळखणारे, आणि प्रत्येकाची जबाबदारी अमर्यादित, म्हणजे संस्था बुडाली तर घरदारासकट भरून द्यायचे. त्या संस्थेचा कारभार पाहणारे पंच बिनपगारी असत. पगार किंवा मोबदला मिळे तो फक्त हिशेबनिसाला. त्याच सुमारास शुल्झ-डेलित्श या दुसऱ्या गृहस्थाने शहरातील कारागीर व छोट्या दुकानदारांसाठी पतपेढ्या उभारल्या आणि तेथे मात्र कारभाऱ्यांना रीतसर पगार देण्याची प्रथा ठेवली. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडची खेड्यातली सेवा सहकारी सोसायटी पहिल्या घराण्यातली, आणि शहरातली नागरी सहकारी बँक दुसऱ्या घराण्यातली. खेड्यातल्या संस्थेचे काम म्हणजे अर्धी समाजसेवा, त्याला पूर्ण पगार कशाला, ही समजूत आपण जर्मनीहून उचलली आणि ती आजतागायत पुरती सुटलेली नाही.

हिंदुस्थानात पहिला सहकारी पतसंस्था कायदा १९०४ च्या मार्चमध्ये झाला. कोणत्याही दहा माणसांनी एकत्र यावे आणि संस्था नोंदवावी, असा तो साधा कायदा होता. १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने गावोगावच्या संस्थांना पैसा पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांचा मार्ग मोकळा केला. यातली एक गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत बोस्टन शहरी एडवर्ड फाइलीन नावाचा एक मोठा दुकानदार होता. १९०७ साली तो जगप्रवासात हिंदुस्थानात आला, बंगालमधील सहकारी पतसंस्थांचे काम त्याने पाहिले आणि तो भारावून गेला. परत गेल्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात १९०९ साली 'क्रेडिट युनियन'चा जो कायदा झाला, त्यामागे त्याची खटपट होती. कॅनडात १९०० सालापासून लोकपेढी चालविणारे देजार्दां यांनीही त्या कामी मदत केली. पुढे १९३४ साली सबंध अमेरिकेसाठी तसा कायदा झाला. अमेरिकेतला एखादा नातेवाईक 'मी क्रेडिट युनियनमध्ये काम करतो' असे कळवील, तेव्हा आपण समजावे की तो आपल्या पतपेढीच्या चुलतभावाकडे नोकरीस आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले, त्यानंतर आगगाडी आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि खामगाव, अकोला, अमरावती येथे पैशाचा पूर लोटला. हा पैसा अडत्यांच्या आणि सावकारांच्या हातून फिरे. बँका होत्या त्या व्यापाऱ्यांसाठी. पेरणीच्या दिवसांत शंभर रुपये हवे असलेल्या कुणब्याला किंवा हातमाग चालविणाऱ्या मोमीन बांधवाला बँकेच्या पायरीवरही कुणी उभे केले नसते. सोसायट्या आल्या त्या या पोकळीत.

प्रारंभी काम बरे चालले. मग १९२९ ची जागतिक मंदी आली. कापसाचे भाव कोसळले आणि कर्जाचे हप्ते थकले. मध्यप्रांत व वऱ्हाड हा ज्या प्रांतांना सर्वांत मोठा फटका बसला त्यांपैकी एक. थकबाकीपोटी जमिनी मध्यवर्ती बँकांच्या नावे चढल्या, कित्येक सोसायट्या मोडीत निघाल्या. सोसायटीच्या सचिवाचे काम किती अवघड आहे ते तेव्हा दिसून आले. ज्याच्या शेजारी लहानपण गेले, ज्याच्या लग्नात पंगती वाढल्या, त्याच्याच दारावर जप्तीची नोटीस चिकटवायची. बँकेचा माणूस वसुलीला येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. सचिवाला त्याच गावच्या विहिरीवर दुसऱ्या दिवशी पाणी भरायचे असते. अमर्यादित जबाबदारीची कल्पना कागदावर सुंदर होती, पण एकाच्या थकबाकीसाठी दुसऱ्याचे शेत जाऊ लागले तेव्हा तिची किंमत लोकांना कळली, आणि 'सोसायटी' या शब्दाचाच अनेक गावांनी धसका घेतला.

स्वातंत्र्यानंतर ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५१-५२ मध्ये सबंध देशात ग्रामीण कर्जाची पाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली निघाला. पन्नास वर्षांच्या सहकारानंतर शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता शेकडा ३.१. व्यापारी बँकांचा तर शेकडा १ सुद्धा नव्हता. सावकारांचा जवळजवळ ७० होता. यानंतर सरकारने सहकारात भागभांडवल घातले, आणि मुंबई व विदर्भ एका राज्यात आल्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. आजची पतसंस्था, सेवा सोसायटी, जिल्हा बँक या सर्वांचे जन्मपत्र त्यात आहे.

इकडे बँकांचे काय चालले होते? आज बँकेची नोकरी म्हणजे सुरक्षितता, असे आपण समजतो. पण १९४० च्या दशकात बँकेचा कारकून हा खासगी मालकाचा नोकर होता. पगार मालकाच्या मर्जीवर, बढती मालकाच्या ओळखीवर. २० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यास अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना स्थापन झाली आणि लढा सुरू झाला. १९५० साली न्या. सेन यांचा निवाडा आला, तो पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात तांत्रिक मुद्द्यावर रद्द झाला. १९५३ साली शास्त्री निवाडा आला. त्यातही बँकांच्या प्रती आणि गावांचे वर्ग पाडलेले होते, त्यामुळे लहान गावातल्या कारकुनाला मुंबईच्या कारकुनापेक्षा कमी पगार, मग खतावणी तीच का असेना. अपिलातला निर्णय सरकारने बदलला, तेव्हा १९५४ साली केंद्रीय मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी त्या मुद्द्यावर राजीनामा दिला. कारकुनांच्या पगारासाठी मंत्र्याने खुर्ची सोडावी, असे उदाहरण विरळाच. त्यानंतर आपल्या महाराष्ट्राचे न्या. गजेंद्रगडकर यांच्या आयोगाने प्रश्न सोडविला, १९६२ साली देसाई निवाडा आला, आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी बँका व संघटना यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून दर काही वर्षांनी करार होत आले आहेत. बारावा करार मार्च २०२४ मध्ये झाला.

मधल्या काळात अकोल्याच्या इतिहासातले एक पान आहे, ते तरुण पिढीला बहुधा ठाऊक नसते. १९६० साली देशात दोन बँका बुडाल्या आणि त्यांच्या बुडण्याने कायदे बदलले. एक केरळातील पलाई सेंट्रल बँक. दुसरी लक्ष्मी बँक, जिचे मुख्य कार्यालय आपल्या अकोल्यात होते. ज्या वऱ्हाडी माणसाने सोसायटीवर विश्वास न ठेवता 'बँक ती बँक' म्हणून पैसे ठेवले असतील, त्याला बँक नावाची पाटीही बुडू शकते हे तेव्हा कळले. या दोन घटनांनंतर ठेव विमा महामंडळाचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण आले. प्रारंभी ते प्रत्येक ठेवीदारास केवळ १,५०० रुपये होते. फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकांनाही ते पुढे १९७० च्या दशकात मिळू लागले. पतसंस्थेतील ठेवीला मात्र हा विमा नाही. ही एक ओळ पालकांनी दोनदा वाचावी. ठेवीदाराला ती जितकी लागू आहे तितकीच तिथे नोकरी करणाऱ्यालाही आहे, कारण संस्था अडचणीत आली की ठेवीदार विमा महामंडळाकडे जाऊ शकत नाही, तो काउंटरवर बसलेल्या मुलाच्या घरी जातो.

१९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८० च्या एप्रिलमध्ये आणखी ६ बँका सरकारच्या झाल्या. शाखा तालुक्याच्या गावी पोचल्या, अचलपूर-अकोट-बाळापूरच्या मुलांना परीक्षेने भरती होणारी नोकरी दिसू लागली. ओळखपाळख नसलेल्या घरातला मुलगा केवळ गुणांवर आत जाऊ शकतो, ही मोठीच गोष्ट होती, आणि माझ्या मते बँकेच्या नोकरीला समाजात जो मान मिळाला त्याचे खरे कारण पगारापेक्षा हेच आहे. पतसंस्थेत आजही बहुधा संचालकांना विचारावे लागते.

याहून बोलके उदाहरण ग्रामीण बँकांचे आहे. १९७५ साली सरकारने प्रादेशिक ग्रामीण बँका काढल्या. वऱ्हाडातही त्या आल्या. त्यामागचा विचार स्पष्टच होता : खेड्यात काम करायला स्वस्त कर्मचारी हवा, म्हणून पगार राष्ट्रीयीकृत बँकेचा न देता राज्य सरकारी नोकराइतका द्यावा. म्हणजे राइफायझनच्या गावची ती जुनी समजूत पुन्हा आली. ग्रामीण बँकेचे कर्मचारी न्यायालयात गेले, आणि १९९० साली न्या. ओबुल रेड्डी यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने निवाडा दिला की काम सारखे आहे तर वेतनही प्रायोजक बँकेसारखे हवे, तेही १ सप्टेंबर १९८७ पासून. त्या दिवसापासून गावातला ग्रामीण बँकेचा कारकून शहरातल्या कारकुनाच्या ओळीत बसला. (२०२५ च्या मे महिन्यापासून राज्यातील दोन ग्रामीण बँका एक होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, हेही परीक्षेस बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

त्याच गावात, बहुधा त्याच रस्त्यावर, सेवा सहकारी सोसायटीचे कार्यालय असते. तेथील गटसचिवासाठी असा निवाडा कुणी दिला नाही. महाराष्ट्रात गटसचिवांचे जिल्हावार केडर केले गेले, पगारासाठी निधीची तरतूद झाली. पण त्या निधीत पैसा येतो सोसायट्यांच्या वर्गणीतून, सोसायटीचे उत्पन्न येते व्याजातल्या लहानशा फरकातून, आणि तो फरक हाती पडतो वसुली झाली तर. पाऊस गेला, कपाशीवर बोंडअळी आली, की वसुली थांबते आणि सचिवाचा पगारही थांबतो. एकेकाकडे दोन-तीन सोसायट्या. कर्ज मर्यादा पत्रक त्याने करायचे, सभासदांच्या सातबाऱ्याची छाननी त्याने करायची, आमसभेचे इतिवृत्त त्याने लिहायचे. २००८, २०१७ आणि २०१९ या तिन्ही कर्जमाफींत पात्र-अपात्र याद्यांचे ओझे त्याच्यावर पडले, आणि यादीत नाव नाही म्हणून शिव्याही त्यानेच खाल्ल्या. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे कर्ज कुणाला तोंडपाठ असेल तर या माणसाला. त्याच्या हुशारीची किंमत मात्र पावसावर ठरते.

जिल्हा बँकेची नोकरी या दोहोंच्या मधली. रिझर्व्ह बँकेची नजर १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांवर आहे, ठेवींना विमा आहे, पगार बरा आहे. तरी सहकारातला धोका तेथेही पोचतो. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याची मध्यवर्ती बँक, तसेच नागपूर व वर्धा येथील जिल्हा बँका, २०१४ च्या सुमारास परवान्याअभावी अडचणीत आल्या आणि सरकारी मदतीनंतर सावरल्या. मधल्या काळात ठेवीदारांना तोंड देण्याचे काम शाखेतल्या कर्मचाऱ्याने केले.

आता शहरातल्या पतसंस्थेबद्दल. १९८० नंतर त्या झपाट्याने वाढल्या. त्यांचा प्राण म्हणजे पिग्मी एजंट. दररोज दुकानोदुकानी फिरून दहा-वीस रुपये गोळा करण्याची ही युक्ती १९२८ साली सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांनी उडुपीकडे काढली. आपल्या टिळक रोडवर किंवा इतवाऱ्यात भाजीवाला, चहावाला, पंक्चरवाला यांची जी काही शिल्लक पडते ती बहुधा याच मार्गाने. हा एजंट नोकर की कमिशनवाला दलाल? हा वाद वीस वर्षांहून अधिक चालला. १३ फेब्रुवारी २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बँकांचे असे ठेव गोळा करणारे लोक औद्योगिक कायद्यानुसार 'कामगार' आहेत. त्यांना किमान मोबदला व ग्रॅच्युइटी मिळावी हे मान्य झाले, पण कायम कारकुनाचा दर्जा व वेतन नाकारले गेले. तो निकालही बँकांच्या एजंटांचा. पतसंस्थेचा मुलगा पावतीपुस्तक घेऊन उन्हात फिरतो तेव्हा त्याच्या खिशात नेमणुकीचे पत्रही नसते, असे चित्र अजून दिसते.

एका प्रकारच्या पतसंस्थेचा उल्लेख वेगळा करावयास हवा : पगारदार नोकरांची पतसंस्था. शिक्षक, जिल्हा परिषदेचे कर्मचारी, वीज मंडळाचे कामगार यांच्या या संस्था. सभासद सारे एकाच मालकाकडे नोकरीस असतात, आणि कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे कर्जाचा हप्ता पगारातूनच कापून येतो. वसुलीचा प्रश्न जवळपास मिटतो. अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनशी सर्वांत जवळचे नाते या संस्थेचे आहे. अमरावतीत तर जिल्हा परिषद शिक्षकांची सहकारी बँकच आहे. पतसंस्थेत नोकरी करायचीच असेल तर अशी संस्था पहिली शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांतून व्याजाचा प्रश्न निघतो. त्याचा निर्णय उलमा आणि प्रत्येकाची सद्सद्विवेकबुद्धी करील. इतिहास एवढेच सांगतो की बिनव्याजी देवघेवीचे प्रयोगही या देशात झालेले आहेत : हैदराबादेत सरकारी नोकरांच्या अशा सोसायट्या होत्या, देवबंदला १९६१ साली मुस्लिम फंड निघाला, मुंबईत १९७६ साली बैतुन्नस्र पतसंस्था. तेथे हिशेबनिसाचे काम सोपे झाले नाही. व्याज नाही म्हटल्यावर खर्च भागवायचा तो सेवाशुल्कातून, म्हणजे प्रत्येक पैशाचा हिशेब अधिकच काटेकोर.

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग पतसंस्थेच्या वाटेला जाऊच नये. तसे मी म्हणणार नाही. बँकेत नवा कारकून वर्षभर एकाच खिडकीवर बसतो. पतसंस्थेत तोच मुलगा सहा महिन्यांत रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत सारे शिकतो, कारण शिकवायला किंवा करायला दुसरे कुणी नसते. कर्जदाराचा चेहरा पाहून अर्ज वाचण्याची सवय त्याला लागते. शिवाय बँकेची नोकरीही आता वडिलांच्या काळची राहिलेली नाही : २०११ पासून आय. बी. पी. एस. च्या देशव्यापी परीक्षेत लाखो उमेदवार बसतात, १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, आणि काउंटरवरचे काम बरेचसे यंत्राने घेतले.

जाण्यापूर्वी मात्र पाच-सहा गोष्टी पाहाव्यात. संस्थेचा मागील तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागावा आणि त्यातला वर्ग अ, ब, क की ड ते पाहावे. थकबाकी एकूण कर्जाच्या शेकडा किती, ते विचारावे. संचालक आणि त्यांच्या नातलगांकडे किती कर्ज आहे हे आमसभेच्या अहवालात असते. नेमणूकपत्र लेखी आहे का, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, हे विचारायला लाजू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : सचिव आणि व्यवस्थापक हे कायद्याच्या दृष्टीने 'अधिकारी' असतात. गैरव्यवहार झाला की कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली नुकसानीची रक्कम संचालकांबरोबर त्यांच्याकडूनही वसूल करता येते. अध्यक्षांनी तोंडी सांगितले म्हणून कर्ज दिले, ठराव नंतर लिहू, या सबबीला चौकशी अधिकाऱ्यापुढे काही किंमत नाही. संचालक मंडळाचा ठराव लिहिल्याशिवाय आणि व्हाउचरवर सही घेतल्याशिवाय पैसा हलवायचा नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळणाऱ्या मुलाला कधी कधी 'फार नियम दाखवतो' असे ऐकावे लागते. ते ऐकून घ्यावे.

ज्यांना या क्षेत्रात पुढे जायचे आहे त्यांनी सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा द्यावी. ती पदवीधरांना देता येते, आणि सहकार कायदा, लेखाकर्म व लेखापरीक्षण असे विषय तीत असतात. ती उत्तीर्ण झाल्यावर आणि आवश्यक तो अनुभव जमल्यावर लेखापरीक्षकांच्या नामिकेत नाव लागू शकते, आणि मग ज्या प्रकारच्या संस्थेत रोजकीर्द लिहिली त्याच प्रकारच्या संस्थेचे ऑडिट करण्याचा हक्क मिळतो.